जिवंतपणाचं सोंग घेणारी डिस्क: प्रॉक्समॉक्स-सेफ क्लस्टरमध्ये खराब डिस्क कशी पकडायची

डिस्क सरळ मेली तर खरं म्हणजे काही टेन्शन नसतं. सेफ, म्हणजे अनेक सर्व्हरच्या क्लस्टरमधल्या डिस्क जोडून एकच स्टोरेज बनवणारं सॉफ्टवेअर, त्यासाठीच तर आहे, डेटाच्या तीन कॉपी असतात, एक गेली की बाकीच्या दोनवर काम चालू राहतं, तुम्ही सकाळी चहा पिऊन निवांत डिस्क बदला. डोक्याला ताप देते ती अर्धमेली डिस्क. स्मार्ट रिपोर्ट (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) मागितला की पास म्हणून सर्टिफिकेट दाखवते आणि आतून एकेक सेक्टर वाचायला आठ-आठ सेकंद घेते, आणि मग एका नासक्या आंब्याने अख्खी अढी नासावी तसा सगळा क्लस्टर तिच्यापायी रडत बसतो. तेव्हा खाली जे लिहिलंय ते बरंचसं हिच्याबद्दल आहे, सरळ मेलेलीबद्दल लिहायला फारसं काही नाहीच.

मी प्रॉक्समॉक्स (सर्व्हरवर व्हीएम, म्हणजे आभासी मशीन, चालवणारं सॉफ्टवेअर) आणि सेफ धरूनच लिहितोय, रोजचं काम त्याच्यावरच असतं. आमचा हा सेटअप नवी मुंबईत महापेला एका डेटा सेंटरमध्ये आहे, ५ नोड, म्हणजे सर्व्हर, प्रत्येकात ६ डिस्क, म्हणजे ३० ओएसडी. ओएसडी म्हणजे एका डिस्कमागे बसलेला सेफचा एक प्रोसेस, एवढं कळलं तरी पुढचं कळेल. कमांड इथे उच्चाराप्रमाणे देतोय, टर्मिनलवर कशा टाईप करायच्या ते तुम्हाला माहितीच आहे.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, नाहीतर उगाच भलतीकडे शोधत बसाल. व्हीएमची डिस्क सेफमध्ये एका जागी नसते. तिचे ४ एमबीचे तुकडे होतात, म्हणजे १०० जीबीच्या डिस्कचे २५,६०० तुकडे, आणि ते सगळ्या ओएसडींवर विखुरलेले असतात. शिवाय राईट झालं असं व्हीएमला तेव्हाच कळवलं जातं जेव्हा सगळ्या कॉपी लिहून होतात. म्हणजे तीनातली एक डिस्क जरी लंगडत असली तरी बाकीच्या दोघी तिच्यासाठी थांबून राहणार. म्हणून एक डिस्क आजारी पडली की तक्रार एका व्हीएमची येत नाही, दहा व्हीएमची येते, आणि तीही थोडी थोडी, मधूनमधून. उलट एकच व्हीएम अडकत असेल आणि बाकी सगळं मजेत असेल तर बहुतेक वेळा डिस्कचा प्रॉब्लेम नसतोच, त्या व्हीएममध्येच काहीतरी असतं, बॅकअप चालू असतो नाहीतर स्नॅपशॉट.

आमच्याकडे एका गुरुवारी संध्याकाळी असंच झालं. अकाउंट्सवाल्यांचा फोन, सॉफ्टवेअर अडकतंय, व्हाउचर सेव्ह करताना वीस सेकंद नुसतं गोल फिरतंय. तेवढ्यात दुसऱ्या क्लायंटचा मेल आला की वेबसाईट स्लो आहे. व्हीएमच्या आत बघितलं तर लिनक्सच्या लॉगमध्ये ती प्रसिद्ध ओळ, टास्क १२० सेकंदांहून जास्त वेळ अडकलाय. विंडोजवाल्यांनी इव्हेंट व्ह्यूअरमध्ये १२९ आणि १५३ नंबरचे इव्हेंट बघायचे, १२९ म्हणजे डिस्कला रिसेट पाठवावा लागला, १५३ म्हणजे आयओ (वाचणं-लिहिणं) परत करावा लागला. हे दिसले की व्हीएममधून बाहेर पडायचं, आत शोधण्यासारखं काही नाही, खाली स्टोरेजकडे जायचं.

खाली गेल्यावर पहिली कमांड सेफ डॅश एस, आणि लगेच सेफ हेल्थ डिटेल. इथे घाई करू नका. सगळे पीजी (डेटाच्या तुकड्यांचे गट) ॲक्टिव्ह प्लस क्लीन आहेत का, आधीच कुठली ओएसडी डाऊन आहे का, कुणी दुसऱ्याने मेंटेनन्ससाठी नोआऊट (कुठलीच ओएसडी आपोआप आऊट होऊ द्यायची नाही ही सेटिंग) लावून ठेवलंय आणि काढायला विसरलाय का, हे सगळं नीट बघा. कारण पुढे तुम्ही एक डिस्क बंद करणार आहात, आणि त्याच डेटाची दुसरी कॉपी जर आधीच गेलेली असेल तर तीनपैकी एकच उरेल. मिनिमम साईझ २ असल्यामुळे, म्हणजे काम चालायला निदान दोन कॉपी लागत असल्यामुळे, तेवढ्या पीजींवरचा आयओ तिथेच थांबणार आणि तुमचा फोन वाजणार. कुणीकुणी अशा वेळी मिनिमम साईझ १ करून टाकतात, काम चालू राहतं म्हणून. कृपा करून करू नका.

आमच्याकडे हेल्थ ओके होतं! मधेच पाच-दहा सेकंद पिवळं व्हायचं, स्लो ऑप्स, ओएसडी १७, आणि परत हिरवं. हे असं का होतं बघा. ओएसडी एकमेकांना दर ६ सेकंदांनी हार्टबीट पाठवतात, २० सेकंद उत्तर नाही आलं तर मॉनिटरकडे (क्लस्टरवर नजर ठेवणारा सेफचा प्रोसेस) चुगली करतात, मग ती ओएसडी डाऊन होते, आणि डाऊन होऊन ६०० सेकंद झाले की आऊट करून तिचा डेटा दुसरीकडे बनवायला सुरुवात होते. डिफॉल्ट आकडे हे असे. पण हार्टबीट जातो नेटवर्कवरून, प्रोसेसकडून प्रोसेसकडे. डिस्क कण्हत असली तरी प्रोसेस उत्तर देत राहतो, त्यामुळे क्लस्टरच्या दृष्टीने ओएसडी जिवंत. स्लो ऑप्सची वॉर्निंग सुद्धा एखादं ऑपरेशन ३० सेकंदांच्या वर लटकलं तरच येते, २५ सेकंद लटकलं तर सेफ गप्प. अकाउंट्सवाला मात्र गप्प बसत नाही.

म्हणून माझी सगळ्यात आवडती कमांड आहे सेफ ओएसडी पर्फ. प्रत्येक ओएसडीची कमिट आणि अप्लाय लेटन्सी, म्हणजे लिहायला लागणारा वेळ, मिलिसेकंदात दाखवते. एकदा मारून सोडून देऊ नका, वॉच लावून दर दोन सेकंदांनी बघत बसा, पाच मिनिटं तरी. आकडा किती आहे त्यापेक्षा शेजारणींच्या तुलनेत किती आहे ते महत्त्वाचं. आमच्याकडे बाकीच्या एकोणतीस डिस्क ५ ते १५ मिलिसेकंदात आणि १७ नंबर कधी २०, कधी १४००, परत २०. असा मधेच उसळी मारणारा आकडा दिसला की समजायचं हीच ती बया. सगळ्याच डिस्क एकदम चढल्या असतील तर मात्र ते डिस्कचं नाही, लोड आहे, नाहीतर नेटवर्क, नाहीतर डीप स्क्रब, म्हणजे सेफची कॉपी खोलात जाऊन ताडून बघण्याची तपासणी, चालू आहे.

आता १७ नंबर म्हणजे नक्की कुठल्या नोडमधली कुठली डिस्क. सेफ ओएसडी मेटाडेटा १७ मारा, होस्टचं नाव, डिव्हाईसचं नाव आणि सिरीयल नंबर तिन्ही मिळतात. सेफ डिव्हाईस एलएसमध्ये सगळ्या डिस्कची यादी सिरीयलसकट येते. सिरीयल लगेच कागदावर लिहून घ्या, मी गंमत करत नाहीये. एसडीए, एसडीबी या नावांवर विश्वास ठेवायचा नाही, रिबूट झालं की ती बदलू शकतात, काल एसडीएफ होती ती आज एसडीई असते. डिस्कची खरी ओळख सिरीयल नंबरच.

मग त्या नोडवर लॉगिन करून डीमेसेज डॅश कॅपिटल टी. आधी कर्नल काय म्हणतोय ते ऐकायचं, स्मार्टचं नंतर. मीडियम एरर, अनरिकव्हर्ड रीड एरर असं काही आणि पुढे सेक्टर नंबर दिसला तर प्लॅटरवर, म्हणजे आतल्या चकतीवर, खरंच खड्डा पडलाय, जास्त विचार करू नका. हार्डवेअर एरर असेल तर डिस्कचं इलेक्ट्रॉनिक्स. पण ॲबॉर्टेड कमांड, हार्ड रिसेटिंग लिंक असलं काही असेल तर तिथे थांबा, तो रस्ता केबल आणि बॅकप्लेनकडेही (डिस्क ज्या बोर्डात खोचतात तो) जाऊ शकतो, त्याबद्दल पुढे लिहिलंय. सोबत दुसऱ्या खिडकीत आयओस्टॅट डॅश एक्स लावून ठेवा आणि रीड अवेट, राईट अवेट हे दोन कॉलम बघा, म्हणजे एकेका रिक्वेस्टला लागलेला वेळ. आजारी डिस्कवर रिक्वेस्ट कमी असतात पण अवेट आभाळाला आणि युटिलायझेशन १०० टक्के. म्हणजे काम काहीच नाही आणि दमली मात्र सगळ्यात जास्त, ऑफिसात असतो ना असा एकेक जण.

इथे आडवाटेचं एक सांगतो. डेस्कटॉपच्या साध्या डिस्क खराब सेक्टर सापडला की तो वाचायचा हट्ट धरून बसतात, एक एक मिनिट सुद्धा. लिनक्सचा डिफॉल्ट टाईमआऊट ३० सेकंद. म्हणजे डिस्क अजून प्रयत्न करतेय आणि कर्नल वैतागून लिंक रिसेट करतो. सर्व्हरच्या डिस्क साधारण ७ सेकंदांत हात वर करतात, की बाबा मला नाही जमत, दुसरी कॉपी वाच. स्वस्त पडतात म्हणून डेस्कटॉप डिस्क घातल्या असतील तर स्मार्टसीटीएलमध्ये एससीटी ईआरसी नावाची सेटिंग आहे, ती ७० करा, म्हणजे ७ सेकंद. काही मॉडेलमध्ये ती सेटिंगच नसते, आणि काहींमध्ये पॉवर गेली की उडते.

आता स्मार्ट. स्मार्टसीटीएल डॅश एक्स आणि पुढे डिस्कचं नाव. वरती जी पास्ड म्हणून ओळ येते ती बघायचीच नाही. कंपनीने ठरवलेली मर्यादा ओलांडली तरच ती फेल म्हणते, आणि तोपर्यंत वरातीमागून घोडं असा प्रकार झालेला असतो. थेट ॲट्रिब्यूटच्या रॉ आकड्यांवर जा. ५ नंबर म्हणजे बदलून टाकलेले सेक्टर, १८७ म्हणजे दुरुस्त न झालेल्या एरर, १९७ म्हणजे संशयित सेक्टर, १९८ म्हणजे ऑफलाईन तपासणीत वाचता न आलेले. हे शून्य असायला पाहिजेत. ५ नंबर चार आहे आणि वर्षभर चारच आहे तर मी ती डिस्क ठेवतो, पण सोमवारी चार, बुधवारी अकरा असेल तर ती निघालीच समजा. आमच्या १७ नंबरचं १९७ होतं २४. यात एक फसवणूक पण आहे हां, संशयित सेक्टरवर नवीन डेटा लिहिला गेला की आकडा परत शून्य होऊ शकतो, लोकांना वाटतं डिस्क बरी झाली. म्हणून रोजचा आकडा कुठेतरी साठवून ठेवा, साधी क्रॉन स्क्रिप्ट पुरते.

सीगेटच्या डिस्कवर १ नंबरला, म्हणजे रॉ रीड एरर रेटला, कोटींमधला आकडा बघून नवीन पोरं घाबरतात. त्यात एरर आणि एकूण रीड एकत्र कोंबलेले असतात, एकट्या त्या आकड्यावरून डिस्क काढू नका. एसएएस डिस्कवर (सर्व्हरमधला एक डिस्कचा प्रकार) ही ॲट्रिब्यूटची टेबलच नसते, तिथे ग्रोन डिफेक्ट लिस्ट आणि अनकरेक्टेड एररचा कॉलम बघायचा. एनव्हीएमईवर (वेगवान एसएसडीचा प्रकार) क्रिटिकल वॉर्निंग, अव्हेलेबल स्पेअर, पर्सेंटेज यूज्ड आणि मीडिया एरर. डिस्क रेड कार्डच्या (अनेक डिस्क मिळून एक दाखवणारं कार्ड) मागे असेल तर साधी कमांड काही सांगणार नाही, डॅश डी मेगारेड कॉमा आणि डिस्कचा नंबर असं द्यावं लागतं. खरं तर सेफखाली रेड लावूच नये, कार्ड एचबीए मोडमध्ये असावं, म्हणजे प्रत्येक डिस्क थेट दिसते.

आणि स्मार्ट स्वच्छ आहे म्हणजे डिस्क स्वच्छ आहे असं मुळीच नाही. गूगलने २००७ मध्ये त्यांच्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला होता, त्यात मेलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून जास्त डिस्कवर महत्त्वाच्या चारही स्मार्ट सिग्नलमध्ये काहीच नोंद नव्हती. त्यामुळे पर्फमध्ये उसळ्या, कर्नल लॉगमध्ये एरर आणि स्मार्ट कोरा असेल तर मी पहिल्या दोघांचं ऐकतो.

काही जण सेफच व्हीएममध्ये चालवतात, लॅबमध्ये नाहीतर जुगाड म्हणून. तिथे आतून स्मार्ट विचारून उपयोग नाही. मॉडेलच्या जागी क्यूईएमयू हार्डडिस्क असं आलं तर तुम्ही काल्पनिक डिस्कची तब्येत विचारताय, तिला ताप कधीच येणार नाही. खालच्या होस्टवर जाऊन बघा, किंवा अख्खं एचबीए कार्ड व्हीएमला पासथ्रू करा.

आता डिस्क निर्दोष आणि तरी बदनाम, अशा केसेस. मी स्वतः शेण खाल्लेली पहिली सांगतो. एका स्लॉटमधली डिस्क सारखी लिंक रिसेट करायची, मी बदलली, चार दिवसांत नवी पण तेच करायला लागली, मी ती पण बदलली आणि सप्लायरला फोनवर चार शब्द सुनावले. तिसऱ्यांदा झालं तेव्हा अक्कल आली आणि १९९ नंबर बघितला, यूडीएमए सीआरसी एरर काउंट. तो वाढत असेल तर डेटा डिस्क आणि कंट्रोलरच्या मधल्या रस्त्यावर बिघडतोय, म्हणजे केबल, कॅडी (डिस्क बसवायचा ट्रे) नाहीतर बॅकप्लेन. तिन्ही डिस्क चांगल्या होत्या, स्लॉटची पिन वाकलेली. हा आकडा कधीच शून्यावर येत नाही, म्हणून जुना आकडा बघून घाबरू नका, वाढतोय का तेवढं बघा. शंका असेल तर तीच डिस्क दुसऱ्या स्लॉटमध्ये घाला. त्रास डिस्कबरोबर गेला तर डिस्क, स्लॉटपाशीच राहिला तर स्लॉट.

दुसरी केस नेटवर्कची. एकाच नोडच्या सगळ्या ओएसडी अप-डाऊन, अप-डाऊन करतायत, डिस्कवर एकही एरर नाही. सहा डिस्क एकदम आजारी पडत नसतात. नेटवर्कवाल्यांनी स्विच बदललेला आणि जंबो फ्रेम (मोठ्या आकाराचे नेटवर्क पॅकेट) चालू करायचे राहिलेले. साधा पिंग मस्त जातो म्हणून कुणाला पटेना. एमटीयू, म्हणजे पॅकेटचा कमाल आकार, ९००० असेल तर तुकडे न करता ८९७२ बाईटचा पिंग मारून बघा, तो नाही गेला की भांडण मिटलं.

तिसरी, एकाच वेळी दोन-चार ओएसडी धाडकन गेल्या तर त्यांची डीबी (ओएसडीची आतली नोंदवही) एकाच एनव्हीएमईवर आहे का बघा. ती एक गेली की तिच्यावर टेकलेल्या सगळ्या गेल्या, मागच्या मोठ्या डिस्क ठणठणीत असल्या तरी. आणि एसएसडी एकाच बॅचच्या असतील तर फर्मवेअरकडे लक्ष असू द्या. एचपीईने नोव्हेंबर २०१९ मध्ये स्वतःच जाहीर केलं होतं की त्यांच्या काही एसएएस एसएसडी ३२,७६८ तास चालल्या की बंद पडतात, म्हणजे ३ वर्षं २७० दिवस ८ तास, आणि डेटा पण परत मिळत नाही. एकाच दिवशी चालू केलेल्या सगळ्या एकाच दिवशी! तीन कॉपी तिथे काय कामाच्या. पॉवर ऑन अवर्स म्हणूनच बघायचे असतात.

स्क्रब एररचं थोडक्यात. सेफ रोज वरवर आणि आठवड्यातून एकदा खोलात जाऊन कॉपी ताडून बघतो, फरक सापडला तर पीजी इनकन्सिस्टंट म्हणतो. लगेच रिपेअर मारू नका, आधी राडोस लिस्ट इनकन्सिस्टंट ऑब्जेक्ट मारून कुठल्या ओएसडीवर रीड एरर आहे ते लिहून ठेवा, मग सेफ पीजी रिपेअर. एकदा झालं तर ठीक, पण महिन्याभरात तीच ओएसडी दुसऱ्यांदा आली की बदला. नुसतं रिपेअर मारत राहणं म्हणजे ताप आला की क्रोसिन, तेवढ्यापुरतं.

बरं, डिस्कच खराब आहे हे नक्की झालं. काढायच्या आधी जागेचा हिशोब करा, हा न केल्यामुळे रात्री जागलेले लोक मी बघितलेत. समजा ३ नोड आहेत, प्रत्येकात ४ डिस्क, सगळ्या ७० टक्के भरलेल्या. एक काढली की तिचा डेटा त्याच नोडच्या उरलेल्या तिघींवर जाणार, कारण बाकीच्या दोन नोडवर त्याची एकेक कॉपी आधीच आहे. ७० चोक २८०, भागिले ३, झाले ९३ टक्के. सेफ ८५ ला ओरडतो, ९० ला बॅकफिल थांबवतो आणि ९५ ला राईटच बंद. म्हणजे तुमची रिकव्हरी मधेच अडकणार. अशा वेळी आऊट करून वाट बघत बसू नका, नोआऊट लावा, नवी डिस्क हातात घेऊनच जुनी काढा आणि काम झालं की नोआऊट आठवणीने काढा.

जागा असेल तर डिस्क चालू असतानाच सेफ ओएसडी आऊट करा, म्हणजे ती जमेल तेवढा डेटा स्वतः पण देत राहते आणि कॉपी तीनाच्या खाली जात नाहीत. पण तिच्यापायी सगळेच लटकत असतील तर प्रोसेस सरळ बंद करा, कॉपी थोडा वेळ दोन राहतील, चालतं. दोन्हीच्या मधला एक उपाय आहे, प्रायमरी ॲफिनिटी त्या ओएसडीची ० करा. रीड डिफॉल्टने प्रायमरीकडून, म्हणजे तीनातल्या मुख्य कॉपीकडून, होतं, त्यामुळे रीडचा भार दुसऱ्यांकडे जातो आणि युजरला लगेच फरक जाणवतो. राईट मात्र तिच्यावर होतच राहणार. आमच्या गुरुवारी मी हेच केलं, अकाउंट्सवाल्यांचं रिपोर्ट बघणं तरी सुरू झालं, मग रात्री दहानंतर आऊट.

दुसऱ्या दिवशी डेटा हलून झाल्यावर सेफ ओएसडी सेफ टू डिस्ट्रॉय १७ विचारलं, हो आलं, प्रोसेस बंद केला, आणि लेडसीटीएलने लोकेटचा लाईट लावून डेटा सेंटरमधल्या पोराला फोन केला.

"सर, दोन ठिकाणी केशरी लाईट आहे."

दोन कसे? आमच्यातल्याच कुणीतरी मागच्या महिन्यात लावलेला लोकेट बंद केला नव्हता.

"थांब, हात नको लावूस. वरून तिसरा सर्व्हर, त्यातल्या केशरीवाल्याच्या शेजारचा हिरवा बघ, लुकलुकतोय का?"

"नाही सर, शांत आहे."

मी डीडी (डिस्क सलग वाचू शकणारी कमांड) लावून त्या डिस्कवरून नुसतं वाचायला सुरुवात केली.

"आता?"

"हां, आता जोरात चालू झाला."

कंट्रोल सी.

"बंद पडला सर."

दोनदा करून बघितलं, मग काढायला सांगितली आणि काढल्या काढल्या सिरीयलचे शेवटचे चार आकडे वाचून घेतले, कागदावरच्याशी जुळले. डिस्क पूर्ण मेलेली असेल तर लुकलुकणार नाही, तेव्हा उलटं करायचं, बाकीच्या पाचही डिस्कवर डीडी लावायचं आणि जी शांत बसलीये ती काढायची. तेव्हापासून प्रत्येक कॅडीवर सिरीयलचे शेवटचे चार आकडे लेबलने चिकटवलेत, नवीन सर्व्हर रॅकमध्ये जायच्या आधीच.

नंतर पीव्हीईसेफ ओएसडी डिस्ट्रॉय, क्लीनअपसकट, आणि नवी डिस्क आली की पीव्हीईसेफ ओएसडी क्रिएट. नवी आल्या आल्या क्लस्टरमध्ये ढकलू नका, आधी स्मार्टची लाँग टेस्ट लावा, मोठ्या डिस्कला बरेच तास लागतात, लागू देत. जुनीचा स्मार्टसीटीएलचा पूर्ण आउटपुट फाईलमध्ये ठेवा, वॉरंटीला पाठवताना मागतात. त्यात क्लायंटचा डेटा आहे हे पण विसरू नका, चालत असेल तर पुसूनच द्या. मग दोन-तीन दिवस पर्फ आणि त्या नव्या डिस्कचा १९९ नंबर बघत राहा, तो वाढायला लागला तर सप्लायरला फोन करायच्या आधी स्लॉटची पिन बघा.